सावरीचा कापूस

झाडं-पाखरं एकमेकांशी बोलत, त्या काळची गोष्ट. आंब्याच्या ढोलीत झिपरी नावाची खार राहायची, नुकतीच आई झालेली. शेजारच्या साळुंकीकडे सावरीचा कापूस पाहिल्यापासून स्वतः विणलेलं काथ्याचं अंथरूण तिलाच बोचू लागलं. तिसऱ्यांदा तिने पिलांना फांदीवर बसवलं आणि सगळा काथ्या उपसून खालच्या बेचक्यात टाकला.

“आई, झोप आलीय गं!”

“थांबा रे, एवढं झालं की झालंच.”

“कालही हेच म्हणालीस,” साळुंकी हसली.

झिपरी कापूस घेऊन परतली, तर फांदी रिकामी! तिने खाली वाकून पाहिलं, तर पिलं बेचक्यातल्या काथ्यात शिरून गाढ झोपलेली. कापूस तिथेच सोडून ती त्यांच्याशेजारी आडवी झाली.

“काय गं, झालं का एकदाचं घर?” साळुंकीने विचारलं.

उत्तर द्यायला झिपरी जागी नव्हती.