रायाजीची पगडी आणि पालथा घडा

एकदा काय झालं, दूर वाळूच्या देशात रायाजी आणि त्याची थोरली बहीण आवडाई राहायची. रायाजी तापानं फणफणला, तेव्हा आवडाईनं देवीला नवस बोलला, "माझा भाऊ उठू दे. जुन्या व्यापारी वाटेनं अनवाणी चालत तुझ्या पायाशी येईन."

भाऊ उठला. मग दोघं निघाली. तो घोड्यावर, ती पायी.

त्या वाटेवर तीनच विहिरी, त्याही पाताळात गेलेल्या. दोर ज्यानं त्यानं आपला न्यायचा. म्हणून रीत अशी, बरं का, की पुढच्यानं मागच्यासाठी घडा भरून ठेवायचा. घरात दोर एकच होता. आवडाई म्हणाली, "तू घे. घोड्याला पाणी जास्त लागतं."

वाटेच्या टोकाला देवीची जत्रा होती. तिथं पहिला पोचेल त्याला राजा पगडी बांधायचा. रायाजीचं मन तिथंच लागलेलं.

पहिल्या विहिरीवर त्यानं घडा काठोकाठ भरला. दुसरीवर मागे धूळ दिसली. कुणी गाठतंय की काय! मग घडा अर्धाच भरला. तिसरीवर तर पालथा घडा उचललासुद्धा नाही. "आक्का दमाची आहे. काढेल कळ."

पगडी मिळाली. मिरवत देवळात गेला, तर देवीचे ओठ कोरडे, भेगाळलेले! रायाजीला तिसऱ्या विहिरीवरचा पालथा घडा आठवला. तसाच मागे फिरला. तिसऱ्या विहिरीवर आक्का नव्हती. पालथ्या घड्यावर राखी रंगाचं एक पाखरू चोच वासून बसलं होतं.

विहिरीतून देवीचा आवाज आला, "ही तुझी बहीण. मागच्यांसाठी घडा भरत राहा."

"किती दिवस, आई?"

"ते तू मोजायचं नाहीस."

मग रायाजीनं पगडी सोडून तिचं गाळणं केलं. रोज घडा भरायचा. रोज पाखरापुढे ओंजळ धरायचा, ते मान फिरवायचं. घोडा म्हातारा होऊन गेला. रायाजीची दाढी पांढरी झाली.

एक दिवस वावटळ सुटली. वाटेवर चिटपाखरू नाही. तरी त्यानं घडा काठोकाठ भरला. पाखरू खाली उतरलं, घड्यातलं पाणी प्यालं, आणि समोर आक्का! तीच, तेवढीच, पायाला धूळ.

"बाबा, घोड्यावरून एक पोरगा गेला का हो? भाऊ माझा. नुकता दुखण्यातून उठलाय, ऊन सोसत नाही त्याला."

रायाजीनं ओंजळ भरून पुढे धरली. "आधी पाणी पी, आक्का."

तिनं त्याच्या दाढीवरून हात फिरवला. "राया? मला फार का रे उशीर झाला?"

"नाही आक्का. मीच पुढे गेलो."

मग दोघं मिळून अनवाणी चालत गेली. नवस फिटला, देवीचे ओठ ओले झाले. पुढे त्याच विहिरीवर दोघं सुखानं राहिली. गेलेली वर्षं मात्र परत आली नाहीत हो.

रात्री कुणाला तहान लागली, तर प्या, आणि मागच्यासाठी पेला भरून ठेवा. देवी सगळ्यांना घरी पोचवते. मिटा आता डोळे.