टायटॅनियमचा दांडा आणि बुशमावशी

यंत्रं आपापसात बोलत आणि माणसांना फक्त भोंगा ऐकू येई, त्या काळात एका पंपात टायटॅनियमचा दांडा बसवला. "मी वजनाला हलका, गंज तर मला ठाऊकच नाही," असं तो दिवसातून दहादा ऐकवी. ज्या पितळी कड्यात तो फिरे, ती बुशमावशी म्हणाली, "गंजत नाहीस रे, पण झिजतोस त्याचं काय?"

आठवड्यात त्याचं अंग सोललं, तो मावशीलाच चिकटला आणि पंप बंद पडला.

भंगारात टाकण्याआधी शेवटचा उपाय म्हणून कारागिरांनी त्याला भुकटी वितळवून थर चढवणाऱ्या लेसरपुढे धरलं. दांडा म्हणाला, "कठीण पदार्थाच्या भुकटीचा थर वरून चढव, पण मला वितळवू नकोस. माझ्यात काही खोट नाही."

"वरवर लावलेलं वरवरच निघतं," लेसर म्हणाला. "थोडं तुलाही वितळावं लागेल."

आपल्या सोललेल्या अंगाकडे पाहून दांड्याला स्वतःचंच हसू आलं. "वितळव बाबा. हातच्या कांकणाला आरसा कशाला!"

लेसरने भुकटी आणि दांड्याची वरची साल एकत्र वितळवली, आणि पंप पुन्हा सुरू झाला. महिना उलटला तरी अंगावर ओरखडा नाही. मावशीने विचारलं, "तोच का रे तू?"

"तोच, मावशी. वरचा अर्धा मिलिमीटर तेवढा शहाणा झालाय. आत जुना बढाईखोर बसलाय, थर झिजला की पुन्हा बोलायला लागेल."