निंगवाचा कट्टा

आंबेगोळच्या वेशीबाहेर, खिंडीची वाट जिथे चढाला लागते, तिथे एक काळा दगडी कट्टा आहे. कट्ट्यावर चुलीचे तीन दगड आहेत, धुराने कोळशासारखे झालेले, आणि शेजारी रांजण बसेल एवढा गोल खळगा. मूर्ती नाही, शेंदूर नाही, साधे फूलही कुणी वाहत नाही. तरी गावचा माणूस इथून जाताना पायातले काढून हातात घेतो आणि चार पावले पुढे गेल्यावर पुन्हा घालतो. नवखा माणूस विचारतो, हा कोणता देव? तेव्हा देवळाचे म्हातारे शिवराम गुरव अगदी गंभीरपणे सांगतात, "द्येव न्हवं. दारूचा गुत्ता हाय ह्यो."

पाहुणे हसतात. गुरव हसत नाहीत.

हल्ली या गावात एक नव्या तऱ्हेचे पाहुणे येऊ लागले आहेत. वंशावळ शोधणारे. कचेऱ्यांतली जुनी दप्तरे धुंडाळायची, मोडी वाचणारा गाठायचा, आणि आपला खापरपणजोबा निदान किल्लेदार तरी निघावा अशी आस धरून गावोगाव हिंडायचे. किल्लेदार सगळ्यांनाच कुठून मिळणार? एखाद्याला दारूच्या मक्त्याच्या कागदावर आपलेच आडनाव भेटते. एखादीला कळते की खापरपणजीचे लग्न कधी लागलेच नव्हते. मग तो कागद घडी घालून खिशात जातो आणि घरी गेल्यावर 'दप्तर वाळवीने खाल्ले' असे सांगितले जाते. अशा पाहुण्यांना गुरव बरोबर हेरतात. त्यांना कट्ट्यापाशी उभे करतात आणि हौसाची गोष्ट सांगतात.

फार वर्षांमागे आंबेगोळची पाटीलकी राणोजीकडे होती. घरी चार बैलजोड्या, दारात लिंबाचे झाड, आणि हौसा नावाची एकुलती एक लेक. हौसा बापाच्या शब्दाबाहेर नव्हती, पण शब्द पटला नाही तर तिच्या कपाळावर एक आठी पडे, आणि ती आठी पाहून राणोजीसारखा राणोजी आवाज खाली आणी असे म्हणतात. तिला खिंडीपलीकडच्या देसायांचे स्थळ आले. मोठे घर. राणोजीचे पाय जमिनीला लागेनात. देसायांनी एकच अट घातली. सुपारी फोडायच्या आधी हेळव्याने मुलीकडच्या पिढ्या चारचौघांत वाचाव्यात.

हेळवी म्हणजे बैलावर बसून गावोगाव फिरणारा आणि घरोघरच्या पिढ्या सांगणारा माणूस. त्यांच्या मूळपुरुषाला पाय नव्हते म्हणे, म्हणून गावात शिरल्यावर हेळवी बैलावरून उतरत नाही. सुगी संपली की तो येतो, हातातली घंटा वाजवतो आणि दारात उभा राहून त्या घरचे कोण कुणाचा, कुणाची बायको कुठली, कोण कशाने गेला हे एका दमात म्हणून दाखवतो. त्याची चोपडी खोटी ठरली असे कधी कुणी ऐकले नव्हते.

अट ऐकून राणोजीचे तोंड उतरले. कारण चोपडीत निंगवा होती.

निंगवा ही राणोजीची आजी, बापाची आई. जातीची कलाल, म्हणजे दारू गाळणाऱ्यांपैकी, तरुणपणीच विधवा झालेली. खिंडीच्या तोंडाशी तिचा गुत्ता होता. घाट चढून आलेले बैलवाले, शिपाई, फिरस्ते तिथे बसत. राणोजीचा आजा सातोजी पाटील, तोही तिथे बसे, आणि पुढे बसता बसता तिथेच राहू लागला. लग्न नाही, मंगळसूत्र नाही. निंगवाला मुलगा झाला तेव्हा गाव तोंडावर पदर धरून हसले. असे सांगतात की पाटलाची लग्नाची बायको तिच्या नावाने रोज मूठभर मीठ चुलीत टाकी.

ही गोष्ट गावाला ठाऊक होती, पण गाव ती बोलत नव्हते. राणोजीने पाटीलकी हाती येताच आजीचा गुत्ता पाडला होता. उरला तो हा कट्टा, कारण दगड उपटता उपटेनात. आता उरली होती चोपडी.

त्या साली यल्लाप्पा हेळव्याचा बैल घाटात बसला तो उठलाच नाही. बैलावाचून हेळवी म्हणजे घंटेवाचून देऊळ. त्याला गावात पाऊल टाकता येईना. राणोजीने ही संधी साधली. गोठ्यातला पांढराशुभ्र खोंड त्याने यल्लाप्पापुढे आणून उभा केला आणि एका नावाची अडचण सांगितली. यल्लाप्पा खूप वेळ खोंडाच्या वशिंडावरून हात फिरवत राहिला म्हणे. मग त्याने चाकू काढला, पानावरचे 'निंगवा कलालीण' हे शब्द खरवडले आणि तिथे 'गंगाबाई, घराणे उत्तम' असे लिहिले.

खोंड गोठ्यातून गेला तेव्हा हौसाला चुटपुट लागली. त्याची आई विताना मेली होती. हौसानेच त्याला बोटाने दूध चाटवून वाढवले होते. बाप असला देखणा खोंड हेळव्याला का देतो, हे तिला कळेना. कळले ते सुपारीच्या दिवशी.

पाटलाच्या अंगणात मांडव पडला. एका अंगाला देसाई मंडळी, एका अंगाला गाव, ओसरीवर बायका, आणि बायकांत नवे लुगडे नेसून बसलेली हौसा. यल्लाप्पा पांढऱ्या खोंडावर बसून आला. मांडीवर चोपडी उघडली, घंटा वाजली, आणि त्याने पिढ्या म्हणायला सुरुवात केली.

इथेच घात झाला, आणि तो फक्त हेळव्याच्याच हातून व्हावा असा घात होता. हेळवी चोपडी उघडतो ती लोकांसाठी. त्याला पान लागत नाही. सहा वर्षांचा असल्यापासून बापाच्या मागे बैलावर बसून त्याने ती नावे घोकलेली असतात. घंटेचा ठोका पडला की जीभ आपली वाट धरते. यल्लाप्पाची नजर पानावरच्या गंगाबाईवर होती, आणि जीभ म्हणून गेली, "सातोजी पाटील, त्येची निंगवा कलालीण, खिंडीतल्या गुत्त्याची, तिचा पोटचा म्हादजी..."

घंटा थांबली.

अप्पासाहेब देसायांनी पगडी सावरली. "कलालीण? कुणाच्या घरात म्हणालास?"

राणोजी धावला. "म्हातारं झालंय ते. जीभ घसरली. दुसऱ्या घरचं नाव हितं घातलं त्येनं." आणि यल्लाप्पाकडे वळून दातओठ खात म्हणाला, "सांग की चुकलं म्हणून!"

यल्लाप्पा घामाने निथळला. चुकलो म्हणावे तर चाळीस गावांतून त्याच्या घराण्याच्या शब्दावरचा विश्वास उठणार. नाही म्हणावे तर घेतल्या खोंडाला जागला नाही असे होणार. त्याने खाली मान घातली आणि तोंड उघडले.

हौसाला त्या क्षणी आठवला तो एक हात. ती चार वर्षांची असताना निंगवा गेली. चेहरा तिला आठवत नव्हता. धुराचा वास येणारा एक खरखरीत हात तेवढा आठवत होता, आणि त्या हाताने भरवलेला गूळ. ज्या आजीच्या मांडीवर आपला बाप वाढला तिलाच तो भर मांडवात परक्या घरची म्हणत होता. आपण आता गप्प बसलो तर सुपारी फुटेल, आपण देसायांच्या घरी जाऊ, आणि निंगवा कधी नव्हतीच असे होईल. हौसाच्या अंगाचा तिळपापड झाला. ती ओसरीवरून उतरली.

"हौसे, आत जा," राणोजी म्हणाला.

ती आत गेली नाही. तिने खोंडाची वेसण धरली आणि जीभ टाळ्याला लावून, लहानपणी करायची तसा, टक्कन आवाज केला. खोंडाने कान हलवले आणि मुकाट तिच्यामागे चालू लागला. वर यल्लाप्पा. तो उतरणार कसा? हेळवी गावात बैलावरून उतरत नाही. चोपडी छातीशी धरून तो मांडवाबाहेर चालला, मागे राणोजी, त्याच्यामागे देसाई, आणि मागे सगळे गाव. भर दुपारी वाजंत्री सोडून वरात निघाली. खिंडीच्या तोंडाशी, या कट्ट्यापुढे येऊन हौसा थांबली आणि खोंडाने पुढचे गुडघे टेकले. दैवी चमत्कार झाला असे गावात सांगतात. गुरव मात्र सांगतात की चढ लागला की बसायची त्या खोंडाला लहानपणापासूनची खोड होती. तुम्हाला रुचेल ते घ्या.

हौसा कट्ट्यावर चढली. "हेळवीबाबा, आता वाचा. नुसतं नाव नगं. फुडचं समदं वाचा."

यल्लाप्पाने चोपडी मिटली. डोळे मिटले. आणि घंटा वाजवून त्याने पुढचे म्हटले. साठ सालांमागे आंबेगोळात पटकीची साथ आली. विहिरीचे पाणी जो प्यायला तो आडवा झाला. सातोजी पाटील गेला, त्याची लग्नाची बायको गेली, तिची तिन्ही मुले गेली. ज्यांना पळता आले ते पळाले. निंगवा पळाली नाही. तिने भट्टीतला सगळा माल ओतून दिला, मडक्यात नुसते पाणी भरले आणि खाली जाळ लावला. दारू उतरायची त्या नळीतून पाणी उतरू लागले, थेंब थेंब. सव्वा महिना तिची चूल विझली नाही. जे तिच्या सावलीला उभे राहत नव्हते त्यांची पोरे तिच्या दारी वाट्या घेऊन बसली. जो तिचे पाणी प्यायला तो जगला. आणि पाटलाच्या घरात नाव चालवायला एकच जीव उरला, तो निंगवाच्या पोटचा म्हादजी. राणोजीचा बाप.

यल्लाप्पा थांबला. गर्दीतून एक म्हातारा काठी टेकत पुढे आला. "म्या प्यालोय," तो म्हणाला. "पाच वर्साचा हुतो. दारू पाजत्यात म्हनून आई रडत हुती." मग एक म्हातारी पुढे झाली. मग ज्यांचे आईबाप प्यायले होते ते. कट्ट्याभोवती गाव उभे राहिले, आणि या इतक्या वर्षांत आपण कसे गप्प बसलो याची लाज सगळ्यांच्या तोंडावर होती. राणोजीने पागोटे काढून हातात घेतले. तो रडत होता असे सांगतात.

अप्पासाहेब देसाई तोलामोलाचे गृहस्थ. ते म्हणाले, "बाई पुण्यवान खरी. झालं गेलं ते या दगडापाशीच राहू द्या. आम्ही मोठ्या मनानं मुलगी करून घेतो."

बापाने चटकन मुलीकडे पाहिले. त्याला वाटले, गंगेत घोडे न्हाले.

हौसाच्या कपाळावर आठी पडली. "मोठं मन कशापायी लागतंय, मामा?" ती म्हणाली. "आमचं वाचून झालं. हेळवीबाबांच्या चोपडीत तुमचं घर बी हाय न्हवं? आता तुमचं पान उघडू द्या. आमी बी मोठ्या मनानं ऐकतो."

यल्लाप्पाने घंटा उचलली. अप्पासाहेबांचा चेहरा पांढरा पडला.

"त्याची काही गरज नाही," ते घाईने म्हणाले.

"मग पोरगी बी न्हाई," हौसा म्हणाली.

गडबडीत कुणीतरी ताट बरोबर घेऊन आले होते, त्यातली सुपारी उचलून तिने चुलीच्या त्या काळ्या दगडावर ठेवली आणि ती अनवाणी घरी गेली. देसाई त्याच पावली खिंड चढले. त्यांच्या पानावर काय होते ते आजवर कुणाला कळले नाही. गावाने मात्र तर्क लढवायला काही कमी केले नाही.

लोक म्हणाले, पोरीने हाताने आपले वाटोळे केले. दोन वर्षे पाटलाच्या दारी स्थळ आले नाही. तिसऱ्या वर्षी नदीपल्याडचा एक साधा शेतकरी आला. तो पाटलाच्या वाड्याकडे गेलाच नाही. तो थेट या कट्ट्यावर चढला आणि जमेल तेवढ्या मोठ्याने ओरडला की माझ्या आज्याने रवळनाथाचे चांदीचे डोळे चोरले होते, त्याची गाढवावरून धिंड काढून त्याला गावाबाहेर घातले होते, आता काय विचारायचे ते विचारा. हौसा पाणी घेऊन चालली होती. ती इतकी हसली की घागर हिंदकळून निम्मी सांडली. सुपारी त्याच आठवड्यात फुटली.

तेव्हापासून आंबेगोळची ही रीत पडली. सोयरीक जुळवायची तर दोन्हीकडच्यांनी आधी कट्ट्यावर यायचे, आणि आपल्या घरातले ज्याचे नाव घेताना जीभ अडखळते त्याचेच नाव पहिले घ्यायचे. हुंडा, मानपान, कुळी ते सगळे मागून. जो म्हणेल आमच्या घरात तसे कुणी नाही, त्याला चहा पाजून वाटेला लावतात.

यल्लाप्पाने खोंड परत करायला आणला होता. हौसाने घेतला नाही. पण त्या बदल्यात त्याच्या घराण्याकडून तिने एक वचन घेतले, आणि ते अजून पाळले जाते. चोपडी जुनी झाली की हेळवी ती नवीन कागदावर उतरवून काढतात. ते खरवडलेले पान मात्र उतरवत नाहीत. तेच पान प्रत्येक नव्या चोपडीत पहिले म्हणून शिवतात.

आजही सुगी संपली की हेळवी येतो. त्याचा बैल आधी या कट्ट्यापुढे उभा राहतो आणि गाव अनवाणी गोळा होते. तो ते पान उघडतो आणि चाकूने खरवडलेल्या जागी, गंगाबाईच्या वरून, निंगवाचे नाव पुन्हा एकदा शाईने गिरवतो. दरसाल एक थर. आता त्या अक्षरांवर शाई इतकी चढली आहे की आंधळ्यालाही ती बोटाने वाचता येतील. गुरव त्या दिवशी आलेल्या पाहुण्यांचा हात धरून त्यावरून फिरवतात. मग त्यांच्या खिशाकडे बोट दाखवून विचारतात, "तुमच्या घरचं अडखळतं नाव कंचं? काढा भाईर. मोठ्यानं घ्या."

आणि उत्तर येईपर्यंत त्यांना कट्ट्यावरून उतरू देत नाहीत.