दस्त्याची भिंतीकडची बाजू

"…पण उस्ताद, हे केलं कुणी?"

प्रणीत जगदाळेने रायफलचा दस्ता उजेडाकडे फिरवला. अक्रोडाच्या लाकडावर व्हार्निशचा जाड थर होता, लग्नातल्या नवरदेवाच्या खुर्चीसारखा चकाकणारा. त्याखालचं लाकूड मशीन लावून इतकं घासलं होतं, की दस्त्याच्या टोकाची पितळी पाटी पायरीसारखी वर राहिली होती.

"शंभर वर्षांची वस्तू. माझ्या पणजोबांच्या पलटणीतली. कुठल्या मूर्खाचं काम हे?"

उस्ताद इलाहीबक्ष शिकलगार चहात पाव बुडवत होते. तीस वर्षं सैन्यात बंदुका दुरुस्त करून ते आता दर्ग्यामागच्या खोलीत एकटे राहत. गावच्या सैनिक स्मारकातल्या बारा जुन्या रायफली, नळ्या कायमच्या बंद केलेल्या, गावाने त्यांच्याकडे दुरुस्तीला सोपवल्या होत्या.

"नंतर विचार," उस्ताद म्हणाले.

प्रणीत सहा वर्षं परदेशात जुन्या वस्तूंचं जतन शिकला होता. तिथल्या संग्रहालयातली नोकरी सोडून तो गावी परतला, कारण स्मारकाच्या भिंतीवरचं तिसरं नाव त्याच्या पणजोबांचं होतं.

उस्तादांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "माझा हात कापतो आता. ही रायफल ज्याच्या हातून नीट होईल, बाकीच्या अकरा त्याच्या."

'ज्याच्या' म्हणजे आपल्या, असं प्रणीत धरून चालला होता.

उस्तादांनी त्याला सुट्या केलेल्या रायफलचे स्क्रू घासायला दिले, रॉकेलच्या वाटीत घालून.

दस्ता दिला हौसाक्काला.

हौसाक्का परीट गावात कपड्यांना इस्त्री करायची. कोळशाची जुनी, जड इस्त्री घेऊन ती दर्ग्यामागे आली आणि प्रणीतच्या शेजारी पोत्यावर बसली.

"म्युझियमवाले दादा ना तुम्ही?"

"हो."

"बरं झालं. सोबत झाली."

व्हार्निश उतरल्यावर दिसलं, की घासणाऱ्याने दस्त्याची एकच बाजू खराब केली होती. दुसरी बाजू स्मारकात कायम भिंतीकडे असायची. ती त्याने नुसती रंगवली होती. तिथलं लाकूड पितळेला अजून बरोबर भिडत होतं. त्या बाजूवर, पितळी पाटीजवळ, एक खळगा होता, अंगठा बसेल एवढा.

"लाकूड दबलंय, गेलेलं नाही," उस्ताद म्हणाले. "वाफ दे. येईल वर."

हौसाक्काने खळग्यावर ओलं फडकं ठेवलं. इस्त्री गालाजवळ नेऊन धग जोखली. मग फडक्यावर टेकवली. चर्र आवाज झाला, वाफ उठली. तिने इस्त्री उचलली, फडकं काढलं आणि हात पुसले.

"बास. उद्या."

"एवढंच?" प्रणीतने विचारलं. "आणखी दोनदा दिलीत तर संध्याकाळपर्यंत काम होईल."

"दमतं ते, दादा. वाळू दे."

"माझ्या प्रबंधात वाफेवर अख्खं प्रकरण आहे."

"मग लिवलं असंल की त्यात. उद्या म्हणून."

संध्याकाळी उस्तादांनी खळग्यावरून अंगठा फिरवला. "हां," ते म्हणाले.

प्रणीतने घासलेले स्क्रू पुढे केले. आरशासारखे झाले होते. उस्तादांनी ते कागदावर ओतून बघितले.

"चौदा होते. तेरा आहेत."

चौदावा खाटेखाली सापडला. हौसाक्काने शोधून दिला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा वाफ. पुन्हा "हां". तिसऱ्या दिवशीही. तो एक शब्द प्रणीतला घरी जेवतानासुद्धा ऐकू येऊ लागला. तीन दिवसांत तीन वेळा, आणि तिन्ही तिला. तिला अक्रोड आणि सागवान यांतला फरक सांगता आला नसता. इस्त्री गालाजवळ नेण्याची तिची ती पद्धत तर त्याला बघवेना. जणू कुणी शिकवलंच नव्हतं, जन्मतःच येत होतं.

"उस्ताद, निदान हे तरी सांगा. आधीचा तो कारागीर गावातलाच होता का?"

"नंतर विचार."

चौथ्या दिवशी दुपारी हौसाक्का जेवायला घरी गेली. उस्ताद नमाजाला गेले.

दस्ता पोत्यावर होता. प्रणीतने खळग्यावर बोट ठेवलं. आता तो नखाएवढाही खोल उरला नव्हता.

आजच्या वाफेत तो गेला असता. आणि तो तिने घालवलेला असता.

प्रणीतच्या पिशवीत परदेशातून आणलेला पॉलिश पेपर होता, अगदी बारीक, पिठासारखा. त्याने तो काढला… दहा मिनिटं लागली. वर जवसाच्या तेलाचा हात फिरवला. लाकूड एकसारखं, गुळगुळीत झालं. खळगा कुठे होता, ते त्याचं त्यालाही सापडेना.

हौसाक्का निखारे फुंकतच परत आली. दस्ता हातात घेतला आणि थांबली.

"हे म्या केलेलं न्हाई."

"मी केलं," प्रणीत म्हणाला. "तुमचा एक दिवस वाचला, अक्का."

उस्ताद नमाजाहून परतल्यावर तिने दस्ता त्यांच्यापुढे ठेवला.

उस्तादांनी या वेळी अंगठा फिरवला नाही. त्यांनी काढून ठेवलेली पितळी पाटी घेतली, प्रणीतने घासलेल्या स्क्रूंनी ती दस्त्याच्या टोकाला बसवली. मग आधीच खराब झालेली बाजू वर करून लाकडावरून पितळेकडे नख ओढलं.

टक.

दस्ता उलटा केला. भिंतीकडची बाजू. नख ओढलं.

टक. हलकंच, पण अडकलं.

दर्ग्याच्या आवारात कुणीतरी बादली ओढत होतं.

"हात पुढे कर," उस्ताद म्हणाले.

प्रणीतने हात पुढे केला. उस्तादांनी पोत्यावरचा पॉलिश पेपर उचलून त्याच्या तळव्यावर झटकला. चिमूटभर तपकिरी भुकटी पडली.

"हे जागेवर लाव."

"…ते कसं लागेल?"

उस्तादांनी पेपर त्याच्या पिशवीत टाकला.

हौसाक्काने इस्त्री गालाजवळ नेली, सवयीने. मग तिचं झाकण उघडलं आणि निखारे राखेत ओतले.

"आता कशाला वाफ द्यायची," ती म्हणाली. "शाळेचे कपडे पडलेत घरी. जाते मी."

"उद्या ये. दुसरी रायफल काढू."

ती गेली. प्रणीतची मूठ आपोआप मिटली होती.

"म्हणजे अकराही तिलाच?"

"हां."

तोच शब्द. या वेळीही तिच्यासाठीच.

"तिने एक प्रकरण तरी वाचलंय का, उस्ताद? मी सगळं सोडून आलो. भिंतीवर माझ्या घरातलं नाव आहे. आणि मला काय?"

उस्तादांनी दस्ता उचलून त्याच्या मांडीवर ठेवला.

"ही तुझी."

राखेतला शेवटचा निखारा विझला. मूठ उघडायचं धैर्य प्रणीतला होईना.

उस्तादांनी चहाचं भांडं चुलीवर चढवलं.

"हे केलं कुणी, असं पहिल्या दिवसापासून विचारत होतास," ते म्हणाले. "आता विचार."