राजाची बासुंदी

हिवरगडच्या जयधवल राजाला रोज बासुंदी लागे, तीही आंब्याच्या लाकडावर दिवसभर आटवलेली. एकदा वैशाखात त्यानं फर्मावलं, "आजची पंगत आमराईत, गार सावलीत!"

राजाच्या आत्याबाईंनी पाट मांडले ते भर उन्हात. राजा कडाडला, "सावली कुठंय?"

"तुझ्या पोटात," आत्याबाई म्हणाल्या. "वाटी वाटी करत अख्खी आमराई तूच संपवलीस."

राजा चरफडत उरलेल्या एकुलत्या झाडाखाली जाऊन बसला. "ही काय सावली! वाढा बासुंदी."

"वाढते की. पण आधी तिथून ऊठ बाबा. चुलीला लाकूड हवंय, लाकूडतोड्या खोळंबलाय."

राजानं कुऱ्हाडीकडं पाहिलं, झाडाला घट्ट मिठी मारली आणि खदखदून हसत ओरडला, "ताक वाढा आत्या, ताक!"