समोरची रांग

“मग नुसती टाळी धरून म्हातारा गप्प का राहत होता, बुवा? शब्द विसरला, म्हणा ना!”

अच्युत आपल्या गुरूंशी, नागेशबुवांशी, अजून तोऱ्यातच बोलत होता. सांगलीतलं ते सभागृह रिकामं होत आलं होतं. पॅलेस्टाइनहून आलेले वृद्ध गायक अबू मरवान मात्र आपलं औद हे तंतुवाद्य कुशीत धरून मंचावर तसेच बसून होते.

शेवटचं गाणं लग्नातलं होतं. ते एक ओळ गात, मग औद सोडून टाळी धरत, थांबत, आणि पुढची ओळ घेत. अच्युतला ते पाहवेना. गुरूचा दम सरला की मागे बसलेल्या शिष्यानं सूर उचलायचा, हे त्याच्या हाडीमासी खिळलेलं. पुढच्या वेळी ते थांबताच त्यानं पहिल्या रांगेतूनच आवाज लावला आणि ती ओळ हुबेहूब परतवली.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. अबू मरवाननी मान लववली. मग ते गायलेच नाहीत.

“पडतं गाणं सावरलं मी,” अच्युत म्हणाला. “वसुधा होती तोवर तुमच्या मागे तीच बसायची. तुमची लेकच ती, मी काय बोलणार? पण आता रविवारच्या मैफलीत तरी मला बसवा.”

नागेशबुवांनी उपरणं सारखं केलं. वसुधाला जाऊन वर्षही झालं नव्हतं; मागची तिची जागा त्यांनी रिकामीच ठेवली होती.

“त्यांनाच विचार जा, कसं झालं ते.”

अच्युत मंचावर चढला. बुवा मागोमाग गेले.

“ठीक झालं ना?” अच्युतनं इंग्रजीत विचारलं.

“फार सुरेल,” अबू मरवान मोडक्या इंग्रजीत म्हणाले. “आमच्या लग्नांत ही ओळ समोरची रांग परतवते. खांद्याला खांदा लावून. माझे भाऊ... मुलगे.”

“ते नाही आले?”

“घराखाली आहेत. बॉम्ब पडला. अजून काढता आले नाहीत.”



“मी टाळी धरतो, तेव्हा ते परतवतात,” म्हातारा म्हणाला. “धाकटा नेहमी बेसूर. भाऊ त्याला कोपरानं ढोसायचे... सगळं ऐकू यायचं. आज तुमचा आवाज आला.”

अच्युत त्यांच्या पाया पडायला वाकला. त्यांनी घाईनं पाय मागे घेतले आणि औद पेटीत ठेवलं.

रस्त्यावर आल्यावर अच्युतनं बुवांना गाठलं.

“बुवा... पुढच्या वेळी गातील तेव्हा त्यांची माणसं येतील ना त्यांना ऐकू?”

बुवा चालतच राहिले.

“बुवा, काहीतरी बोला. वाटलं तर शिव्या घाला.”

“तू रविवारी मागे बस,” बुवा म्हणाले. “मी थांबलो की मला काहीच ऐकू येत नाही.”