झारी आणि बोंडले

एका नगरीत एकदा एका तरुण शिष्याने रुग्णांना औषध पाजण्याचे नवे पात्र सिद्ध केले. तोटीच्या आत त्याने हलती झडप बसवली होती. पात्र कितीही कलले तरी एका वेळी एकच घोट बाहेर येई. अंथरुणाला खिळलेल्या त्याच्या आईचा ठसका त्यामुळेच थांबला होता. हे पात्र घडवण्याचा अधिकार केवळ आपल्यालाच असावा, अशी सनद त्याने मागितली. तिच्या बळावर त्याला स्वतःची कार्यशाळा उभारायची होती. निवाडा त्याच्याच वृद्ध गुरूंकडे आला.

भांड्यांच्या एका व्यापाऱ्याने हरकत घेतली. देवळातली तेलाची जुनी झारी त्याने सभेपुढे ठेवली. तिच्या तोटीतही हुबेहूब तशीच झडप होती.

"यात नवे ते काय?" व्यापारी हसला. "की शिष्य घरचा, म्हणून झडपही नवी?"

गुरूंनी झारी निरखली आणि बाजूला सारली. "ही झडप तेलात मुंग्या शिरू नयेत म्हणून आहे. घशात घोट अडकतो या चिंतेने ग्रासलेला माणूस उपाय शोधत देवळाच्या कोठीत जाणार नाही. ही गणतीत नाही."

शिष्याचा जीव भांड्यात पडला. परंतु गुरू उठले, घरी गेले आणि जुन्या दुपट्यात गुंडाळलेले, तान्ह्याला दूध पाजायचे चांदीचे बोंडले घेऊन परतले. त्याच्या चोचीत पाकळीएवढी झडप होती.

"हे मात्र गणतीत आहे. माझ्या कन्येसाठी मी हे भर बाजारात सोनाराकडून घडवून घेतले होते."

"पण गुरुजी, हे तान्ह्या बाळाचे! माझे पात्र रुग्णांचे!"

"रुग्णाच्या उशाशी बसलेला माणूस पाळण्यापाशी नक्की जाईल. अरे, वस्तू कोणाच्या घरातली हे पाहायचे नसते. ती कोणत्या दुखण्यासाठी जन्मली, हे पाहायचे. माझ्या कन्येलाही घोट गिळवत नव्हता."

"तो सोनार केव्हाच वारला. आपण बोलला नसता, तर कोणाला कळले असते?"

"मला ठाऊक होते."

सनद नाकारली गेली. व्यापारीही आपली झारी उचलून निघून गेला.

शिष्याने काहीशा रागानेच बोंडले उचलले. आईच्या पात्राची तोटी ओठांना लागून लागून गुळगुळीत झाली होती. या चोचीवर मात्र सोनाराच्या कानशीचे ओरखडे अजून तसेच होते.

त्याने मान वर केली. गुरू दुसरीकडे पाहत होते.

त्याने बोंडले पुन्हा दुपट्यात हळुवार गुंडाळले आणि दोन्ही हातांनी गुरूंच्या ओंजळीत ठेवले.